चित्रातल्या बाईची उंची

“शिडी नीट धर रे, हलतेय,” मी वरूनच खेकसलो.

“धरली आहे,” खालून आवाज आला. तो बाईचा होता.

मी खाली बघितलं. हुजऱ्या दिवा आणायला गेला होता आणि शिडी खुद्द राणीसाहेबांनी धरली होती, दोन्ही हातांनी. माझ्या हातातला डिव्हायडर सुटता सुटता राहिला. मी घाईघाईने उतरायला लागलो तर त्या म्हणाल्या, “उतरू नका. माप घ्या आधी.”

ही बासष्ट सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो आणि हिरणगडला किर्तनेसाहेबांच्या ऑफिसात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या रेघांवर पातळ कागद ठेवून त्याच रेघा पुन्हा ओढणारा माणूस. ऑफिसात मला कुणी हुपरीकर म्हणत नसे. “ए ट्रेसर” एवढंच. किर्तनेसाहेब संस्थानाच्या काळातले इंजिनियर, संस्थान विलीन झाल्यावर स्वतःचं ऑफिस काढून बसलेले. राजवाड्यातून बोलावणं आलं की अजूनही त्यांचा हात आपोआप कोटाच्या बटणांकडे जायचा.

भिंतीवरचं चित्र राणीसाहेबांच्या सासऱ्यांनी इटलीहून आणलेलं होतं. पिवळट उजेड, मागे डोंगर, पुढे नदी, आणि मधोमध दगडाची एक अवाढव्य कमान. तिचा डावा खांदा ढासळलेला, वर झुडपं उगवलेली, आणि खालून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांवर तीन माणसं होती. डोक्यावर गाठोडं घेतलेली तांबड्या घागऱ्यातली एक बाई, काठीने कमान दाखवणारा एक म्हातारा आणि कुत्र्याशेजारी बसलेला एक जण.

राणीसाहेबांचा एकुलता एक मुलगा, भूपालसिंह, आदल्या वर्षी विषमज्वराने गेला होता. एकोणीस वर्षांचा. लहानपणी तो तासन्‌तास त्या चित्राखाली बसून विचारायचा, ही बाई कुठे चालली आहे, ती घरी कधी पोचेल. त्याला जिथे अग्नी दिला तिथे, नदीकाठी, ती कमान जशीच्या तशी उभी करायची असं राणीसाहेबांनी ठरवलं होतं. ढासळलेल्या खांद्यासकट.

“पण राणीसाहेब,” किर्तनेसाहेब खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “ही कमान कुठेही नाही. तिकडचे चित्रकार डोंगर, नदी पाहून काढायचे आणि इमारत मात्र आपल्या मनाची उभी करायचे. खऱ्या इमारतीचं माप मिळतं. हिचं कुठून आणायचं?”

“तेच तर तुम्हाला विचारायला बोलावलं आहे.”

साहेबांचा हात कोटाच्या बटणांकडे गेला. उत्तर मला शिडीवरून सुचलं, आणि मी बोलून गेलो.

“माणसं आहेत की, साहेब. ती बाई पाच फूट धरली तर बाकीचं सगळं निघतं.”

ट्रेसरने न विचारता तोंड उघडलं होतं. किर्तनेसाहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी महिनाभर विसरलो नसतो. पण राणीसाहेब म्हणाल्या, “यांना कळतंय. नाव काय तुमचं?”

“मधुकर हुपरीकर.”

“सांगा, हुपरीकर. किती होते?”

बाई सव्वा इंच होती. कमान पावणेचौदा इंच. मी डिव्हायडर दोनदा फिरवला आणि सांगितलं, “पंचावन्न फूट.”

“म्हणजे गच्चीवरून आम्हाला दिसेल?”

“दिसेल. झाडांच्याही वर जाईल.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. कपबशीत, दिवाणखान्यात, साहेबांच्या बरोबरीने. त्या दिवसापासून राजवाड्याचा निरोप आला की त्यात माझं नाव असायचं. “हुपरीकरांना घेऊन या.” साहेबही मला चारचौघांत “अहो हुपरीकर” म्हणायला लागले. मला हे फार आवडलं होतं. ते लपवण्यात आता अर्थ नाही.

कमान बांधायला इराप्पा गवंडी आला. पन्नाशीचा, काटक, सीमेवरच्या एका खेड्यातला. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा आणि काम करताना दगडाशीही बोलायचा. सोबत त्याचा धाकटा भाऊ भीमाप्पा आणि आठ-दहा माणसं. मी त्याच्यासमोर नकाशा पसरला तेव्हा तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला.

“सायेब, ह्यो खांदा पडलाय की.”

“तसाच बांधायचा आहे.”

“नवं बांधायचं आनि मोडकं बांधायचं?”

“चित्रात तसं आहे.”

“आमी उभ्या जल्मात मोडकं बांधलं न्हाई बगा. मोडाय काय, कुनाला बी येतंय.” मग त्याने भावाकडे बघून डोळे मिचकावले. “भीम्या, तुला जमंल ह्ये. तुजं काम हिकडं येऊन शोभंल.”

माणसं हसली. इराप्पाने विडा उचलला. राणीसाहेबांनी स्वतः त्याच्या हातावर पान ठेवलं होतं, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पाया खणताना सात फुटांवर पाणी लागलं. काळी माती, खाली मुरूम, आणि खडक कुठेच नाही. इराप्पाने पहारीने ठोकून ठोकून बघितलं. त्या दुपारी तो झाडाखाली माझ्याजवळ येऊन बसला आणि नकाशा पुन्हा मागून घेतला. माप कळावं म्हणून मी नकाशावर ती बाईही उतरवली होती.

“ह्या बाईची पायरी बगा,” तो म्हणाला. “तिच्या गुडघ्याच्या वर येतीया.”

“मग?”

“अशी पायरी कोन बांधतंय? डोस्क्यावर गाठोडं घेऊन बाईनं चढायचं कसं? पायरी म्हंजे वीतभर. लई तर अर्धा फूट. तुमी पायरी धरून मोजा. मग कमान किती व्हतीया?”

मी मोजलं. अठरा फूट झाली.

“अठरा फुटाला ह्यो पाया चिक्कार झाला,” इराप्पा म्हणाला. “आनि पंचावन्नाला ह्यो पाया म्हंजे खेळ हाय. मुरमावर तिप्पट भार पडंल.”

“चित्रातलेही खांब एवढेच रुंद आहेत. प्रमाण तेच आहे.”

“चित्रात जिमिनीच्या खाली काय हाय, ते दिसतंय का तुमाला?”

तो आवाज न चढवता बोलत होता आणि त्याचाच मला राग येत होता. चौथी शिकलेला माणूस मला माप शिकवत होता.

“माजं म्हननं येवढंच,” तो म्हणाला, “ती बाई आनि त्या पायऱ्या एका हाताच्या वाटत न्हाईत मला. बाई कुनीतरी मागनं आनून ठिवल्यागत दिसतीया. मी सोता बघितलं असतं, पर आमी कुठं वाड्यात जानार, पाय चुन्याचं. तुमी जावा. नीट बगून या. बाई खरी का पायरी खरी, येवढंच बगा. तुमी येऊन सांगशिला ते मी धरनार.”

“आणि माप चुकलेलं असलं तर?”

“तर पाटी पुसायची. अजून एक दगड लागला न्हाई. आनि चुकलेलं नसलं तर बांधतो म्या, पाया आनखी चार फूट रुंद करून. पर सायेब, नीट बगा. आमच्यात रीत हाय, ज्यानं कमान धरली त्यो कमान पेलनारा लाकडी साचा काढताना खाली हुबा ऱ्हातो. माजा आजा ऱ्हायला, बा ऱ्हायला. मी सव्वीस कमानींखाली हुबा ऱ्हायलोय.” आणि हसून म्हणाला, “सत्ताविसावी तुमच्या मापाची.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजवाड्यात गेलो. भिंग घेऊन गेलो. अर्धा तास चित्रासमोर उभा होतो. परत आलो तेव्हा इराप्पा नदीवर पाय धूत होता.

“बगितलंसा?”

“बघितलं.”

“मग?”

“बाई बरोबर आहे. पंचावन्नच.”

त्याने खांद्यावरच्या टॉवेलने पाय पुसले. “झालं तर. तुमी डोळ्यानं बगून आलायसा म्हंजे झालं,” तो म्हणाला आणि माणसांना हाका मारत निघून गेला. त्यानंतर त्याने उंचीचा विषय काढला नाही.

काम अकरा महिने चाललं. खरं सांगायचं तर तसं काम मी पुढे कधी पाहिलं नाही. दगड घडवून, चुना बैलाच्या घाण्यात महिनाभर मळून, प्रत्येक थराला ओळंबा लावून इराप्पाने ते दोन खांब वर नेले. त्यांच्यामध्ये जमिनीपासून सागवानी साचा उभा केला आणि साच्यावर दोन्ही बाजूंनी कमान मिटवत आणली. मोडका खांदासुद्धा त्याने इतका मन लावून मोडका बांधला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोनशे वर्षांपूर्वी इथे काहीतरी होतं. गावातली माणसं संध्याकाळी येऊन कमानीजवळ बसायला लागली. राणीसाहेब रोज गच्चीवर यायच्या. मधला, कळीचा दगड बसला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जेवण घातलं आणि मला चांदीची डबी दिली. नदीकडच्या खांबाला एक केसासारखी चीर गेली होती. भीमाप्पाने ती मला दाखवली. मी म्हणालो, चुना वाळताना जाते.

चाळीस दिवसांनी साचा काढायचं ठरलं. सकाळी आठची वेळ. राणीसाहेब खुर्चीवर बसल्या, मागे छत्री धरलेली. किर्तनेसाहेब कोट घालून आले. इराप्पा नदीवर अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला कोरा पटका बांधून आला. त्याने दोन्ही खांबांपाशी नारळ फोडले आणि कमानीच्या बरोबर मधोमध, साच्याच्या लाकडांमध्ये जाऊन उभा राहिला. साचा पाचरींवर पेललेला होता. भीमाप्पा आणि तिघेजण पाचरी एकेक करून सैल करणार होते.

मी दहा-बारा हातांवर उभा होतो. इराप्पाने मला बघितलं.

“या की सायेब,” तो आतून म्हणाला. “माप तुमचं हाय. तुमी बी हुबं ऱ्हावा माज्याजवळ.”

सगळे हसले. राणीसाहेबही हसल्या. मी पण हसलो. “तुमची रीत तुम्हाला लखलाभ,” मी म्हणालो, आणि माझे पाय आपोआप मागे सरकले. दोन पावलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

भीमाप्पाने पहिली पाचर ठोकली. मग दुसरी. इराप्पा वर बघत होता, एक तळहात साच्याच्या लाकडाला टेकवून. सातव्या की आठव्या पाचरीला साचा बोटभर खाली आला आणि कमान जागेवर राहिली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. इराप्पाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणेन. तेवढ्यात नदीच्या बाजूने एक आवाज आला, गाडीचं चाक चिखलात बसल्यासारखा. नदीकडचा खांब चार बोटं खचला. इराप्पाने तिकडे मान वळवली आणि ओरडला, पण स्वतःसाठी नाही. “भीम्या, सोड, पळ.” भीमाप्पा पळाला. इराप्पा आतच राहिला.

दगडांखालून त्याला काढायला दीड तास लागला. तो जिवंत होता, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

तो दोन दिवस जगला. कंबरेखाली काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाप्पा मला बोलवायला आला. “आन्ना तुमास्नी बोलीवतोय,” एवढंच म्हणाला. आम्ही दवाखान्याकडे निघालो. मला वाटलं, इराप्पाला कळलं. मला वाटलं, आता तो सगळ्यांसमोर विचारणार. आणि खोटं कशाला सांगू, मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

खोलीत त्याचे दोन मोठे मुलगे होते. बायको, कल्लव्वा, पायाशी बसली होती. इराप्पाचे डोळे स्वच्छ होते. त्याने मला खुणेने जवळ बसवलं.

“सायेब, मला माफी करा,” तो म्हणाला.

“कशाची?”

“तुमचं नाव खराब केलं म्या. तुमचं माप बरोबर हुतं. बाईसायबास्नी काय सांगशिला तुमी?” तो थांबून थांबून बोलत होता. “रातभर इचार करतोय. पाया म्या सोता रुंद केला. चुना सोता मळला. दगूड सोता लावला. कुठं चुकलं माजं, ते घावंना झालंय. सव्वीस कमानी हुब्या हायत. हीच कशी पडली? तुमी शिकलेली मानसं. तुमी बगितलंय सगळं. माजं कुठं चुकलं, येवढं सांगा. न्हाई तर जीव जायना झालाय.”

आता मी काय पाहिलं होतं ते सांगतो.

त्या दुपारी मी बाईवर भिंग धरलं तेव्हा तिच्या तांबड्या घागऱ्यातून पायऱ्या आरपार दिसत होत्या. रंग जुना होऊन पातळ झाला होता. पायरीची रेघ एका बाजूने घागऱ्यात शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती, मध्ये कुठेही न तुटता. म्हाताऱ्याच्या अंगातूनही तसंच. म्हणजे कमान, पायऱ्या, सगळं आधी पुरं झालं होतं, आणि मग दुसऱ्या कुणीतरी, जाड कुंचल्याच्या माणसाने, वरून माणसं आणून बसवली होती. ती मुद्दाम बारकी काढली होती, अठरा फुटांची कमान डोंगराएवढी वाटावी म्हणून. इराप्पाने नकाशावरून जे ओळखलं ते अक्षरशः खरं होतं. बाई खोटी होती, पायरी खरी होती. मला हे कळायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. उरलेली एकोणतीस मिनिटं मी ते कुणाला कसं सांगायचं याचा विचार करत होतो.

तेवढ्यात मागून राणीसाहेब आल्या. “काय बघताय, हुपरीकर?”

“काही नाही. एकदा खात्री करून घेतो.”

“पंचावन्नच ना? आम्ही भूपालच्या मावशीला कळवलं आहे. गच्चीवर दुर्बीण लावून घेतोय.” आणि मग म्हणाल्या, “तुम्ही नसता तर हे झालंच नसतं.”

मी म्हणालो, “पंचावन्नच.”

एवढंच झालं होतं. कुणी धमकावलं नव्हतं, लाच दिली नव्हती. एका बाईने मला अहोजाहो केलं होतं आणि ते मला सोडवेना.

आणि आता इराप्पा माझ्याकडे बघत होता. त्याला दोष द्यायला माणूस नको होता, कारण हवं होतं. “तुझं काही चुकलं नाही, मी खोटं बोललो,” हे सहा-सात शब्द होते. ते माझ्या तोंडात होते. मुलगे बघत होते, भीमाप्पा दारात उभा होता, पलीकडे कंपाउंडर होता. दुपारी चौकशीला मामलेदार येणार होते.

“नदीकडच्या खांबाचा चुना,” मी म्हणालो. “आतून ओला राहिला असावा.”

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, गेला. पण तो विचार करत होता. मनातल्या मनात तो खांब थराथराने पुन्हा बांधत असणार.

“व्हय,” तो शेवटी म्हणाला. “पावसात लावलं हुतं त्ये. पाच दिस थांबाय पायजे हुतं. म्या तीनच थांबलो.” त्याच्या कपाळावरची शीर सैल पडली. त्याने थोरल्या मुलाकडे मान वळवली. “ऐकलास न्हवं? सायेब सांगत्यात ते बरोबर हाय. माजी घाई नडली. आता आपल्या घरात कुनी कमान धरायची न्हाई. आपल्या हाताला यश न्हाई ऱ्हायलं. माजी थापी नदीत सोडा.”

“आप्पा—”

“सोडा म्हनलं न्हवं.”

तो दुपारी गेला. चौकशीत मी तेच सांगितलं, चुना ओला होता. मुलांनीही तेच सांगितलं, वडिलांच्या तोंडचं म्हणून. किर्तनेसाहेबांनी त्याखाली सही केली. राणीसाहेबांनी ते दगड तिथून कधी हलवले नाहीत, आणि गच्चीवर जाणं बंद केलं.

इराप्पाच्या घरातून कमान कायमची गेली. ओल्या चुन्याचा गवंडी म्हणून त्याचं नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलं आणि भीमाप्पाला कुणी साधी भिंतही बांधायला बोलवेना. दोन्ही मुलगे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागले. मी पुढे सरकारी नोकरीत लागलो, ड्राफ्ट्समनचा हेड ड्राफ्ट्समन झालो, आणि चौदा वर्षांनी एका रस्त्याच्या पाहणीला गेलो असताना थोरला मला खडीच्या ढिगावर भेटला. एक डोळा दगडाच्या कपचीने गेला होता. मी ओळख न दाखवता पुढे जाणार होतो. त्यानेच ओळखलं. हातोडा खाली ठेवून तो उठला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

“तुमचं लई उपकार हायत सायेब,” तो म्हणाला. “तुमच्यामुळं आप्पाला कारन तरी कळलं. न्हाई तर तसाच तळमळत गेला असता.”

खात्याचे साहेब जीपमध्ये वाट बघत होते. मी त्याला म्हणालो, “असू दे.”